राजरस्त्यावरील पागा

गेल्या महिन्यांत आमच्या आळींतील रहिवाशांचा एक अर्ज सह्यांसाठीं घरोघर फिरत आमच्या दारीं आला. आळींतला डांबरी रस्ता उकरून तो सिमेंटचा करावयाचा, दोहों बाजूंस झांकलेलीं गटारें बांधावयाचीं आणि त्या गटारांवरून माणसांस चालण्यासाठीं वीतभर उंचीचा फुटपाथ काढावयाचा, असा बेत ठरला आहे. त्यासंबंधानें रहिवाशांचें म्हणणें वरिष्ठांस कळवावें, हा अर्जाचा हेतु. मागण्या दोनच होत्या. पहिली अशी कीं, फुटपाथ केल्यास दारापुढें वाहनें लावण्यास जागा उरणार नाहीं, सबब तो करूं नये, निदान एका बाजूचा तरी गाळावा. दुसरी अशी कीं, रस्ता गुळगुळीत झाल्यावर वाहनें भरधांव जातील, मुलांबाळांस व वृद्धांस धोका उत्पन्न होईल, सबब ठिकठिकाणीं गतिरोधक घालावे. दोन्ही मागण्या एकाखालीं एक अशा एकाच कागदावर लिहिलेल्या होत्या आणि त्यांखालीं सव्वीस सह्या होत्या. सत्ताविसावी आम्हीं केली.

सही करून कागद परत दिला. आणि रात्रीं अंथरुणावर पडल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, आपण एकाच लेखणीनें दोन परस्परविरुद्ध वचनांवर सही करून बसलों आहों. मुलांस धोका नसावा असें म्हणावयाचें, आणि त्यांनीं निर्धोकपणें चालावें म्हणून जी दोन हात जागा राखून ठेवण्यांत येत आहे ती मात्र आमच्या मोटारींस द्या असें सांगावयाचें! गतिरोधक घालून दुसऱ्याच्या वाहनाचा वेग कमी करावा, आणि फुटपाथ गाळून आपल्या वाहनाची सोय कायम ठेवावी, असा त्या अर्जाचा रोखठोक अर्थ होता. सत्तावीस सुशिक्षित माणसांपैकीं एकासही तो वाचतांना खटकला नाहीं, यांत आम्ही स्वतःस धरूनच बोलत आहों. आमचीही एक दुचाकी गेलीं बारा वर्षें रस्त्यावरच उभी असते.

साताऱ्यांत किंवा सांगलींत ज्यांचीं घरें जुन्या पेठांतून आहेत त्यांस हा प्रसंग अपरिचित वाटणार नाहीं. रस्त्याचें काम निघालें कीं धूळ, खणलेले चर आणि कंत्राटदाराची दिरंगाई यांविषयीं जितकें बोललें जातें, तितकेंच किंबहुना अधिकच, 'आतां गाडी कोठें लावायची' याविषयीं बोललें जातें. हा विषय अभियंत्याच्या पट्टीनें सुटण्यासारखा आहे असें आपण समजतों. परंतु रुंदी किती फूट आणि गटार किती इंच हें ठरविण्यापूर्वीं, त्या जागेवर कोणाचा कोणत्या प्रकारचा अधिकार चालतो, हें ठरवावें लागतें. आणि तो प्रश्न पट्टीचा नाहीं.

आमच्या अर्जांत 'वर्षानुवर्षांची वहिवाट' असा एक भारदस्त शब्दप्रयोग होता. शब्द मोठा मानाचा आहे. आपल्या मुलुखांत बांधावरून, विहिरीवरून, पाटाच्या पाण्यावरून जे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालतात त्यांचा निकाल पुष्कळदां याच शब्दावर लागतो. १८८२ सालच्या सुविधाधिकाराच्या कायद्यानें खासगी जमिनीवरून वीस वर्षें आणि सरकारी जमिनीवरून तीस वर्षें उघडपणें, हक्कानें व अखंड वहिवाट केली असतां तिला कायद्याचें बळ मिळतें. परंतु सार्वजनिक रस्त्यास हें लागू करूं जातां युक्तिवाद उलटा होतो. रस्ता सर्वांचा आहे याचा अर्थच असा कीं, एकानें तो कितीही वर्षें अडविला तरी तो त्याचा होत नाहीं. व्युत्पत्ति काय असेल ती असो, वहिवाट या शब्दांत आम्हांस तरी वाटच ऐकूं येते. आणि वाट ही चालल्यानें पडते, उभें राहिल्यानें बुजते.

इंग्लंडांत १८१२ सालीं अशाच एका प्रकरणाचा निकाल झाला. लंडनमधील चेअरिंग क्रॉस येथें भाड्याच्या घोडागाडीचा एक मालक उतारूंची वाट पाहत आपली गाडी भर रस्त्यांत उभी करून ठेवीत असे. लॉर्ड एलनबरो यांनीं त्यास दोषी ठरविलें आणि सांगितलें कीं, राजरस्त्याचा कोणासही तबेला करतां येणार नाहीं. गाडी हांकणें हा गुन्हा नव्हता, उतारू घेणें हाही नव्हता; चालत्या जागेस राहत्या जागेचें रूप देणें हा गुन्हा होता. हा तबेल्याचा दाखला आम्हांस फार मार्मिक वाटतो. कारण तबेल्याविषयीं आमच्या पूर्वजांचें वर्तन त्या घोडागाडीवाल्याहून पुष्कळच चांगलें होतें.

साताऱ्याची रचना पाहा. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर हें शहर पायऱ्यापायऱ्यांनीं वसलें आहे. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे जाणारे मुख्य रस्ते दोन. एक वरचा, ज्यास आपण राजपथ म्हणतों, आणि दुसरा खालचा, कर्मवीर पथ. या दोहोंस जोडणाऱ्या गल्ल्या चढाच्या आणि अरुंद. या गल्ल्यांतून जे जुने वाडे अजून तग धरून आहेत त्यांपैकीं एखाद्यांत शिरून पाहावें. दिंडी दरवाजा, त्याच्या आंत देवडी, पुढें चौक, आणि एका अंगास पागा किंवा गोठा. ज्याच्या पदरीं घोडें होतें त्यानें आपल्या भिंतीच्या आंत पागा बांधली. ज्याच्या घरीं बैल होते त्यानें गोठा बांधला. ज्यास पागा बांधण्याची ऐपत नव्हती तो घोडें बाळगीत नसे. घोडें घेऊन त्यास मोती चौकांत खुंटा ठोकून बांधावें आणि येणाऱ्याजाणाऱ्यानें त्याच्या लाथा चुकवीत जावें, असें कोणाच्या मनांत आलें असतें तर पेठेनें त्यास वेड्यांत काढलें असतें. जनावर पाळणें म्हणजे त्याच्या वैरणीची, पाण्याची आणि जागेची जबाबदारी घेणें, ही गोष्ट त्या काळीं कोणीं कोणास शिकवावी लागत नव्हती.

आम्ही मोटार घेतों तेव्हां किंमत पाहतों, हप्ता पाहतों, एका लिटरांत ती किती धांवते हें पाहतों आणि पत्रिका पाहणाराकडून मुहूर्तही काढून घेतों. तिची पागा कोठें, हा प्रश्न मात्र विक्रेता विचारीत नाहीं आणि घरचें माणूसही विचारीत नाहीं. पागा सार्वजनिक रस्त्यावर, हें सर्वांनीं मनांतल्या मनांत गृहीत धरलेलें असतें. एक मध्यम मोटार सुमारें तेरा फूट लांब आणि साडेपांच फूट रुंद. म्हणजे सत्तर-बहात्तर चौरस फूट भूमि. एवढी भूमि शेजाऱ्याच्या अंगणांतून मागावयाची झाली तर आमची जीभ रेटणार नाहीं. आणि कोणीं आमच्या अंगणांतून एक फूट घेतली तर आम्ही मोजणीदार बोलावूं. परंतु तीच भूमि सर्वांच्या मालकीची असली कीं ती कोणाच्याच मालकीची नाहीं असें आम्हांस वाटूं लागतें. सर्वांचें म्हणजे बेवारशी, ही आपल्या सार्वजनिक जीवनांतील जुनी गैरसमजूत आहे. तळें, ओढा, गायरान, देवराई यांची जी दशा झाली ती याच समजुतीनें. रस्ता तेवढा वांचेल कसा?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत रस्त्यांच्या रुंदीचें कोष्टक आहे. राजमार्गास आठ दंड सांगितले आहेत आणि गांवाच्या व स्मशानाच्या वाटेसही तितकेच. रस्ता अडविणारास शिक्षाही तेथेंच, पुढच्या अधिकरणांत, सांगितल्या आहेत. लहान जनावरांची व माणसांची वाट अडविणारास बारा पण, गुराढोरांची वाट अडविणारास चोवीस. माणसाच्या वाटेची किंमत गुरांच्या वाटेच्या निम्मी! आचार्यांच्या साऱ्या ग्रंथापैकीं एवढेंच वचन आमच्या नगरांनीं मनावर घेतलेलें दिसतें.

आतां दुसरी बाजू. ती मांडल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल, कारण ती बाजू आमच्या घराचीही आहे. ज्या घरास अंगण नाहीं, ज्याची भिंत गटारालाच लागून आहे, त्यानें पागा कोठें बांधावी? ज्या इमारतींत बारा बिऱ्हाडें आहेत तिच्या नकाशावर तळमजल्याची जागा वाहनांसाठीं दाखविलेली असते; प्रत्यक्षांत तेथें पुष्कळदां दुकान किंवा गोदाम असतें. ज्यानें कर्ज काढून तेथें बिऱ्हाड घेतलें त्याचा यांत काय दोष? २०२० सालच्या डिसेंबरांत राज्यासाठीं एकत्रित विकास नियमावली आली आणि कोणत्या इमारतीस किती वाहनांची जागा हवी याचे आंकडे तींत दिलेले आहेत. परंतु ती येण्यापूर्वीं शंभर वर्षें उभ्या असलेल्या पेठांस ती कशी पुरी पडावी? शिवाय गुडघ्यांनीं अधू झालेल्या आईस दवाखान्यांत न्यावयाचें असतां गाडी दारापाशींच लागते. ती दोन फर्लांगांवर लावा असें सांगणाऱ्यानें तें आधीं आपल्या आईस सांगून पाहावें. ज्या गांवांत रात्रीं नऊनंतर सार्वजनिक वाहन मिळण्याची शाश्वती नाहीं, तेथें दुचाकी घेणें ही चैन नव्हे. या सर्व गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या अर्जांत असत्या तर आम्हांस अर्जाचा अभिमान वाटला असता. अर्जांत गरज लिहिलेली नव्हती, हक्क लिहिला होता.

गरज आणि हक्क यांतील हा भेद सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावर जसा दिसतो तसा क्वचितच दुसरीकडे दिसेल. रस्त्याचें नांवच त्याची रुंदी सांगतें, आणि त्यावरून चालतांना तें नांव मनांतल्या मनांत निम्मेंशिम्में होत जातें. दुतर्फा मोटारींच्या सुट्या भागांचीं दुकानें आणि दुरुस्तीचीं गॅरेजें. दुरुस्तीस आलेलीं वाहनें रस्त्यावर उभीं; कोठें एखाद्या मोटारीचें पोट उघडलेलें, कोठें तिच्याखालीं एक तरुण कारागीर उताणा पडलेला, त्याचे पाय वाहत्या रस्त्याच्या दिशेनें. शाळेचीं मुलें सायकलीवरून त्या पायांस वळसा घालून जातात, आणि वळसा घालतांना मागून येणाऱ्या ट्रकच्या वाटेंत शिरतात. या कारागिरास दोष देणें सोपें आहे. त्याच्यापाशीं जागा नाहीं, भांडवल नाहीं, हातांत कसब आहे. आणि ज्या मोटारवाल्यानें आपली गाडी त्याच्याकडे दुरुस्तीस लावली तो आमच्यासारखाच अर्जावर सही करणारा गृहस्थ आहे. पोटासाठीं अडविलेली वाट आणि आळसासाठीं अडविलेली वाट यांस कायदा एकच दंड सांगेल, आणि वाहतुकीच्या दृष्टीनें दोहोंचा परिणाम एकच होईल. पण नीतीच्या तराजूंत दोन्ही सारख्या भरत नाहींत. पोटासाठीं ज्यानें वाट अडविली त्यास उठवावयाचें असेल तर त्याच्या पोटाची सोय अगोदर करून द्यावी लागते. आळसासाठीं ज्यानें अडविली त्यास ही सवलत मागतां येत नाहीं.

आणखी एक प्रसंग याच शहरांतला. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फुटांवर चढलें आणि नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. २०२१ मध्यें पुन्हां पूर आला. पाणी चढूं लागलें कीं खालच्या भागांतील माणसें आपलीं वाहनें, आणि कित्येकदां गुरेंढोरेंही, उंचावरच्या रस्त्यांस आणून लावतात. त्या चार दिवसांत त्यांस कोण बोल लावील? त्या वेळीं रस्ता हा सर्वांचा आसरा होतो, आणि सर्वांचा असण्याचा त्याहून चांगला अर्थ आम्हांस ठाऊक नाहीं. पूर ओसरला कीं वाहनें परत खालीं जातात. जी वस्तु संकटांत सर्वांची म्हणून धांवून येते ती एरवींही सर्वांचीच राहिली पाहिजे, एवढें तरी त्या पुराच्या पाण्यानें आम्हांस पटवावयास हरकत नव्हती.

जपानांत १९६२ सालीं एक कायदा झाला. त्याअन्वयें मोटार आपल्या नांवावर करून घ्यावयाची असल्यास, ती ठेवण्यास रस्त्याबाहेर आपल्या हक्काची जागा आहे असा दाखला सामान्यतः आधीं पोलिसांकडून घ्यावा लागतो. आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरांच्या आंत असावी लागते. त्या देशांत घरें आमच्याहून प्रशस्त आहेत असें नाहीं, गल्ल्याही रुंद नाहींत. पागा आधीं आणि घोडें मागाहून, हा आमच्याच वाड्यांतला नियम त्यांनीं कायद्यांत बसविला इतकेंच. हा कायदा उद्यां आमच्याकडे आला तर पहिली ओरड कोणाची होईल हें सांगावयास ज्योतिषी नको. आम्हीही त्या ओरडणारांत असूं अशी आम्हांस दाट शंका आहे.

आतां अर्जांतील दुसऱ्या मागणीकडे वळतों. मुलांच्या जिवाची काळजी ही खोटी नव्हती. ज्यानें ती ओळ लिहिली त्याची नात रोज त्या रस्त्यानें शाळेस जाते. सिमेंटचा रस्ता झाला, खळगे बुजले, कीं वाहनांचा वेग वाढतो हें प्रत्येकानें पाहिलेलें आहे. आणि वेग दुप्पट झाला कीं आघाताची शक्ति चौपट होते, हें शाळेंत शिकविलेलें पदार्थविज्ञान आहे. ताशीं तीस किलोमीटर वेगानें आलेल्या वाहनाचा धक्का आणि साठांनीं आलेल्या वाहनाचा धक्का यांत दोहोंचा नव्हे, चारांचा फरक आहे. २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्यांपैकीं ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं. ज्यांनीं कोणतेंही वाहन हातीं धरलें नव्हतें, कोणाचाही वेग ज्यांनीं वाढविला नव्हता, अशीं हीं माणसें. एका वर्षांत एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गांवाची वस्ती नाहींशी व्हावी, आणि पुढच्या वर्षीं दुसऱ्या गांवाची, असा हा हिशेब आहे.

परंतु वेग हें या संकटाचें अर्धेंच कारण होय. मूल रस्त्यांत येतें तें बहुधा दोन उभ्या वाहनांच्या फटींतून. येणाऱ्या चालकास तें दिसत नाहीं, आणि त्यास येणारें वाहन दिसत नाहीं. त्याची उंची मोटारीच्या बोनेटाइतकीही नसते. म्हणजे मुलाच्या जिवाची काळजी करणारा आजोबा आणि मुलास दृष्टीआड करणारी मोटार हीं दोन्ही एकाच घरचीं असूं शकतात. हें लिहितांना आम्हांस कोणाचा उपहास करावयाचा नाहीं. आपण करीत असलेला अपाय आपणांस दिसत नाहीं, कारण आपली मोटार उभी असते आणि उभी वस्तु निरुपद्रवी वाटते. दोष नेहमीं धांवणाऱ्याचा. कायदा मात्र इतका भोळा नाहीं. १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्यांत, दुसऱ्यांस धोका अथवा अडथळा होईल अशा रीतीनें वाहन उभें करून ठेवणें मना केलेलें आहे.

आणि धांवणारा तरी कोण? आमच्या आळींतून भरधांव जाणारा इसम हा कोठून तरी परका येतो असें अर्जांत सुचविलें होतें. वस्तुतः तो शेजारच्या आळींत राहणारा गृहस्थ असतो, आणि त्याच्या आळींतून भरधांव जाणारे आम्ही असतों. त्याच्या आळीनेंही गतिरोधक मागितलेच असतील. प्रत्येकानें आपल्या दारापुढें दुसऱ्यास मंद करावें आणि दुसऱ्याच्या दारापुढें आपण शीघ्र व्हावें, अशी ही व्यवस्था आहे. आणि तिचा शेवट प्रत्येक शंभर पावलांवर एक उंचवटा, ज्यावरून रुग्णवाहिकेंतील रोग्याचीं हाडें खिळखिळीं व्हावीं, यांत होतो. २०२१ च्या जानेवारींत साताऱ्यास पोवई नाक्यावर भुयारी मार्ग खुला झाला. अनेक रस्ते जेथें एकत्र येतात तेथें वाहनांस जमिनीखालून वाट करून देण्याची ती योजना आहे, आणि ती करणारांच्या कसबाविषयीं आम्हांस आदरच आहे. पण नाक्याखालून निघालेलें वाहन अखेर पेठेंतच येतें, आणि राजपथाखालीं दुसरा राजपथ खणतां येत नाहीं. तेथें पुढची वाट माणसांनींच एकमेकांस द्यावी लागते.

कोणीं कोणास वाट द्यावी, हा प्रश्न आमच्या धर्मशास्त्रकारांसही पडला होता. मनुस्मृतींत त्याची एक यादी आहे. इतर पुष्कळ बाबतींत त्या ग्रंथाशीं आमचें जुळत नाहीं, तरी ही यादी आम्हांस मननीय वाटते. चाकाच्या वाहनांत बसलेला, अतिवृद्ध, रोगी, ओझें वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि लग्नास निघालेला नवरदेव, यांस वाट द्यावी. गाडीवानाचें नांव यादींत पहिलें आलेलें पाहून आमचे मोटारवाले मित्र हर्षित होतील. परंतु आम्ही त्याचा अर्थ असा लावतों कीं, त्या काळची बैलगाडी वळवावयास आणि थांबवावयास जड. ज्यास थांबणें अवघड त्यास, ज्यास थांबणें सोपें त्यानें, वाट द्यावी. वृद्ध, रोगी, ओझेंवाला यांची गोष्ट तीच. राजाचें नांव त्या सर्वांमागून येतें. तें तत्त्व आज लावावयाचें तर यादी उलटी करावी लागेल. कारण डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या बाईस चढावर थांबून पुन्हां चालूं लागणें जितकें जड आहे तितकें आमच्या पायाच्या अंगठ्यानें थांबणाऱ्या मोटारीस नाहीं.

अधिकाराची ही गोष्ट काढली म्हणून सातारा जिल्ह्यांतील एका जुन्या प्रवासाची आठवण देणें आम्हांस प्राप्त आहे. १९०० सालच्या नोव्हेंबरांत साताऱ्याच्या सरकारी शाळेंत एका मुलाचें नांव घातलें गेलें. पुढील वर्षीं तो आपल्या भावंडांसह वडिलांकडे जाण्यास निघाला. मसूर स्थानकावर उतरल्यावर या महार मुलांस कोणी गाडीवान आपल्या गाडींत घेईना. अखेर दुप्पट भाडें घेऊन एकजण तयार झाला, तोही या अटीवर कीं मुलांनींच गाडी हांकावी आणि आपण बाजूनें चालत यावें. तो मुलगा म्हणजे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. हा प्रवास त्यांनीं पुढें आपल्या आठवणींत लिहून ठेविला आहे. त्रावणकोर संस्थानांत वैकम येथें देवळाभोंवतालच्या रस्त्यांवरून सर्व जातींच्या माणसांस नुसतें चालूं द्यावें, एवढ्या मागणीसाठीं १९२४ आणि १९२५ या दोन सालांत लोकांनीं सत्याग्रह चालविला, मार खाल्ला, तुरुंगवास भोगला. रस्ता सर्वांचा आहे हें वाक्य आज आम्ही सहज बोलतों. तें खरें करण्यास इतकी किंमत पडलेली आहे. २०२५ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें पादचाऱ्याचा फुटपाथावरील हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमांतील जीविताच्या हक्कांत अंतर्भूत असल्याचें सांगितलें, तेव्हां तो त्याच लांब वाटेवरचा एक टप्पा होता असें आम्हांस वाटतें. पिढ्यान्‌पिढ्या झगडून जी वाट जातिजातींच्या हातून सोडवून सर्वांची केली, तीच आम्ही कोणासही न विचारतां, कोणाचाही द्वेष न करतां, चार चाकांनीं पुन्हां खासगी करीत आहों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही अर्ज ज्यांच्याकडे होता त्या आप्पांकडे गेलों. आप्पा वयानें वडील, आळींतलें पहिलें मोटारवालें घर त्यांचें. आपली सही पहिल्या मागणीवरून काढून घ्यावी आणि दुसरीवर राहूं द्यावी, अशी आमची विनंती होती. आप्पांनीं चष्मा काढला, पुसला, आणि विचारलें, "सही काढाल हो, पण तुमची फटफटी कोठें ठेवाल तें आधीं सांगा." आम्हीं सांगितलें कीं, देवडींत जुनी मोडकी बाज आणि रद्दीचे गठ्ठे पडले आहेत, ते हलविले कीं ती तेथें मावेल, काल रात्रीं मोजून पाहिलें आहे. "आणि माझी मोटार?" यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तेव्हां त्यांस घेऊन आम्ही आमच्या मागल्या अंगणांत आलों. तुळशीवृंदावनाच्या पलीकडे एक मोकळी जागा आहे, तिला मागच्या बोळांतून वाटही आहे. आप्पांनीं कनवटीची सुतळी काढली, एक टोंक आमच्या हातीं दिलें आणि दुसरें घेऊन ते वांकून भिंतीकडे सरकत गेले. मोटार दीड हात लांब भरली. भिंतीस पाठ लावून आप्पा बराच वेळ तसेच उभे होते. मग सुतळीस गांठ मारून ती त्यांनीं खिशांत ठेवली आणि मागच्या भिंतीच्या विटा कच्च्या आहेत कीं पक्क्या हें ते बोटानें ठोकून पाहूं लागले. अर्ज अजून गेलेला नाहीं.